परमुलखातील माउली : मदर कॅब्रिनी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र यावे असा प्रघात आहे. यंदा ते काम चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविले. सावित्रीबाई, रमाबाई, आनंदीबाई यांच्याविषयी आपल्या भगिनींनी आजवर पुष्कळ लिहिले आहे, म्हणून मी जरा दूरचे नाव निवडले.

काही वर्षांपूर्वी आम्ही गोव्याला गेलो होतो. जुन्या गोव्यातील बाँ जेझू चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी पाहिली. तिथली माणसे त्याला मायेने गोंयचो सायब म्हणतात. पुढे वाचनात आले की, इटलीतील एका शेतकऱ्याच्या मुलीने याच झेवियरचे नाव धारण केले आणि त्याच्यासारखेच समुद्रापलीकडे जाऊन आयुष्य वेचले. तिचे नाव फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी.

खरे सांगायचे तर मिशनरी म्हटले की धर्मांतराखेरीज दुसरा विचार माझ्या मनात येत नसे. तो ग्रह मनात धरूनच मी वाचायला बसले. पण या बाईंचे बहुतेक आयुष्य पोटासाठी परदेशी गेलेल्या आपल्याच देशबांधवांची दुःखे निवारण्यात गेलेले दिसले, आणि मग पुस्तक हातचे सुटेना.

लोंबार्डी प्रांतातील सांत आंजेलो या गावी १५ जुलै १८५० रोजी तिचा जन्म झाला. तेरा भावंडांतील ही शेंडेफळ, तीही दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेली. प्रकृती कायमची नाजूक. लहानपणी ती कागदाच्या होड्या करी, त्यांत रानफुले भरी आणि ही माझी मिशनरी मंडळी चीनला निघाली म्हणून त्या पाण्यात सोडी. एकदा अशीच खेळताना ती पाण्यात पडली. जीव वाचला, पण पाण्याची धास्ती मनात कायमची बसली. मी रेवसहून लाँचने मुंबईला जाताना डोळे मिटून बसणारी बाई. त्यामुळे हे वाचताना ती मला एकदम जवळची वाटली.

१८६८ साली ती शिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण झाली. जोगीण व्हावे ही तिची इच्छा, पण अशा अशक्त मुलीला मठात घ्यायला कोणी तयार होईना. पुढे कोदोन्यो येथील एका अनाथाश्रमाची घडी बसविण्याचे काम तिच्याकडे आले. तिथे तिने सहा वर्षे फार मनस्ताप सोसला आणि शेवटी तो आश्रमही बंद पडला. पण तिथल्याच सात सोबतिणींना घेऊन १४ नोव्हेंबर १८८० रोजी तिने एका जुन्या, ओसाड मठात आपला स्वतंत्र संघ स्थापन केला. जिला कोणी आत घेतले नाही, तिने दुसऱ्यांसाठी दार उघडले.

तिचे डोळे मात्र चीनकडे लागलेले होते. त्या काळी इटलीतून हजारो गोरगरीब माणसे अमेरिकेला जात होती. तिकडे त्यांना ना भाषा येई, ना कोणी वाली असे. पोप तेरावे लिओ यांनी तिला पूर्वेला न जाता पश्चिमेला जाण्यास सांगितले. मनातली चीनची वाट बाजूला ठेवून ती सहा भगिनींसह बोटीत चढली आणि ३१ मार्च १८८९ रोजी न्यूयॉर्कला उतरली.

स्वागत कसे झाले म्हणाल, तर राहायला घरसुद्धा नव्हते. अनाथाश्रमाचा बेत फिसकटला होता आणि तिथल्या आर्चबिशपांनी परत जाण्याचा सल्ला दिला. परक्या मुलखात, भाषा येत नसताना, हे ऐकून आपण काय केले असते? तिने नम्रपणे सांगितले की, आपल्याला पोपनी पाठविले आहे, तेव्हा आपण इथेच राहणार. ती राहिली. थोड्याच दिवसांत अनाथ मुलींसाठी घर उघडले.

मग कामाला काही सीमाच उरली नाही. न्यूयॉर्कमध्ये १८९२ साली कोलंबस रुग्णालय निघाले, ते अवघ्या दहा खाटांवर. न्यू ऑर्लिन्स शहरात १८९१ साली अकरा इटालियन माणसांना जमावाने ठार मारले होते. त्यांतील एकावरही न्यायालयात गुन्हा शाबीत झालेला नव्हता. दुसऱ्याच वर्षी तिच्या भगिनी त्या भेदरलेल्या वस्तीत राहायला गेल्या. कोलोरॅडोत त्या खाणीत उतरून मजुरांची विचारपूस करीत, तुरुंगांत कैद्यांना भेटत. निकाराग्वातील शाळेतून १८९४ साली सरकारने त्यांना हाकलले, तर त्यांनी पनामात शाळा काढली. १८९५ साली चिलीहून अर्जेंटिनाला जाताना तिने अँडीज पर्वताच्या बर्फाळ वाटा खेचरावर बसून ओलांडल्या.

ती नुसती भाविक नव्हती, व्यवहारालाही पक्की होती. शिकागोत रुग्णालयासाठी एक हॉटेल विकत घ्यायचे ठरले, तेव्हा विकणारे जागेत काही फूट चोरत आहेत असा तिला संशय आला. तिने पहाटेच भगिनींना दोरी घेऊन पाठविले आणि सारी जागा मोजून घेतली. लबाडी उघडी पडली आणि जागा पुरेपूर पदरात पडली. आपल्या खजिनदारबाईंना ही गोष्ट आवडेल अशी माझी खात्री आहे.

आणि पाण्याची भीती? ती गेली असे कुठे वाचनात आले नाही. पण तिने वीसहून अधिक वेळा अटलांटिक महासागर ओलांडला. भीती जाण्याची वाट पाहत ती किनाऱ्यावर बसली नाही.

२२ डिसेंबर १९१७ रोजी शिकागोतील आपल्याच रुग्णालयात तिने देह ठेवला. त्याआधी मुलांना नाताळात वाटायच्या खाऊची तयारी चालली होती. वय ६७, आणि तिने उभारलेल्या शाळा, अनाथालये, रुग्णालये धरून संस्थाही ६७. अमेरिकेची नागरिक ती १९०९ सालीच झाली होती. १९४६ साली तिला संतपद मिळाले; त्या देशाच्या नागरिकांतील ती पहिली संत. त्यांतील न्यूयॉर्क व शिकागोची रुग्णालये पुढे बंद झाली, पण तिचा संघ आजही निरनिराळ्या देशांत काम करतो आहे. कोलोरॅडो राज्याने २०२० साली कोलंबसाच्या दिवसाऐवजी तिच्या नावाची सुट्टी सुरू केली.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्या मागे नऊ वर्षांनी, १९२६ साली, तिच्या संघाच्या भगिनी चीनला पोहोचल्या. लहानपणीच्या त्या कागदी होड्या अखेर पैलतीराला लागल्या.

भगिनींनो, आपल्याला वाचनालय काढायचे होते आणि वस्तीतील कामकरी बायांच्या गरजेपोटी आधी पाळणाघर काढावे लागले, हे आपल्याला आठवत असेल. तेव्हा रुसून दोन महिने सभेला न येणाऱ्यांत मीही होते. हे चरित्र वाचल्यावर त्या रुसव्याची मला लाज वाटली. आपण योजलेले काम आणि समोर आलेले काम यांत निवड करायची वेळ आली, तर या बाईने काय केले ते आठवावे, एवढे मला कळले. पाळणाघरात माझी पाळी मंगळवारी असते. वाचनालयाची पुस्तकेही हळूहळू जमत आहेत.