श्रीगाडगेबाबांचे खापर आणि शाळेतली मुले

दरवर्षी २० डिसेंबर जवळ आला की शाळाशाळांतून निरोप येऊ लागतात. श्रीगाडगेबाबांची पुण्यतिथी आहे, मुलांना दोन शब्द सांगा, असा गुरुजींचा आग्रह असतो. अलीकडे त्या निरोपाला आणखी एक पुस्ती जोडलेली असते. कचरा कमी कसा करावा, टाकलेली वस्तू पुन्हा उपयोगात कशी आणावी, हेही त्यात आले पाहिजे. कारण तो विषय आता मुलांच्या अभ्यासात आहे. ऐकणाऱ्यास प्रथम वाटते की संताच्या चरित्रात हा विषय ओढूनताणून बसवावा लागणार. दुसऱ्या कोणाच्या चरित्रात तसे करावे लागेलही. पण बाबांचे लोकांनी ठेवलेले नावच मुळी फुटक्या गाडग्यावरून पडलेले आहे. तेव्हा हे चरित्र मुलांपुढे कसे ठेवावे असे आम्हांस वाटते, ते येथे वाचक वारकरी बंधुभगिनींस निवेदन करीत आहोत.

बाबांचे मूळ नाव डेबूजी. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखूबाई, जात परिटाची. अमरावती जिल्ह्यात अंजनगाव-सुर्जीच्या बाजूला शेंडगाव म्हणून गाव आहे, तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांना दारूने ग्रासले आणि ते अकाली गेले. आई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुरे येथे माहेरी आली. मामांच्या घरी डेबूजी गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढे ज्यांनी शाळा आणि वसतिगृहे उभी केली त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. पोरे एकदम सावरून बसतात.

येथे जरा थांबून, त्या काळच्या शेतकऱ्याच्या घरी कचरा म्हणजे काय होता, ते समजावून द्यावे लागते, कारण आजच्या मुलांनी तो पाहिलेला नाही. गोठ्यातले शेण, चुलीतली राख, भाजीची देठे, कडब्याची चिपाडे, अंगणातला पालापाचोळा. हे सगळे उकिरड्यावर जाई, तेथे मुरे, आणि मृगाच्या आधी गाडीत भरून शेतात पडे. लुगडे फाटले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की पोतेरे. मडके फुटले तरी त्याचे खापर उरे. त्यात कोंबड्यांना पाणी ठेवीत, शेजारच्या घरातून विस्तव आणीत. मोडका फाळ लोहाराकडे परत जाई. उकिरडा हा शब्द आज शिवीसारखा वापरतात, पण त्या उकिरड्यावर न कुजणारे असे काही जातच नव्हते. शेतकऱ्याची ती ठेव होती. मग मुलांना विचारावे, तुमच्या शाळेमागे जो ढीग आहे तो शेतात नेऊन टाकता येईल काय? आम्ही हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी विचारला आहे. पोरे क्षणभर हसतात, मग आपणच मोजू लागतात : पिशव्या, वेफरची पुडकी, बाटल्या, शाईच्या कांड्या, थर्माकोलचे तुकडे. पुढचे व्याख्यान निम्मे वाचते.

डेबूजीचे लग्न १८९२ साली कुंताबाईंशी झाले. सावकाराच्या कर्जात मामांची जमीन गेली, ते दुःख त्याने जवळून पाहिले. मुलीच्या बारशाला जातरिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण घालावयाचे होते. त्याने ते नाकारून साधे गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले. कर्ज काढून चार घटकांचा थाट करावा आणि मग जन्मभर फेडावे, याचा त्याला तेव्हापासून तिटकारा होता, आणि तो पुढे त्याच्या प्रत्येक कीर्तनात दिसला. १९०५ च्या फेब्रुवारीत त्याने घर सोडले. बारा वर्षे तो कोठे कोठे हिंडला ते सगळे सांगत बसण्याचे येथे कारण नाही. घरातून निघालेला डेबूजी परत आला नाही. लोकांना दिसले ते गोधडेबुवा, चिंधेबुवा आणि शेवटी गाडगेबाबा.

आता बाबांच्या अंगावर काय होते ते पाहा. मुलांकडून ही यादी करवून घ्यावी. अंगात नाना रंगांच्या चिंध्या शिवून केलेले वस्त्र. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. हातात काठी नाहीतर खराटा. आणि ते गाडग्याचे खापर. ऊन लागले की तेच डोक्यावर, भूक लागली की त्यातच भाकरी, तहान लागली की त्यातच पाणी. झाली मालमत्ता. आमचे काही विद्वान कीर्तनकार हे वर्णन वैराग्याचे लक्षण म्हणून करतात, आणि ते खरेच आहे. योगशास्त्रात याला अपरिग्रह म्हटले आहे. पण त्यातली एक बाजू सांगावयाची राहून जाते. या यादीतली एकूणएक वस्तू दुसऱ्याने टाकलेली आहे. चिंधी कोणाच्या तरी घरची, काच कोणाच्या तरी हातातली, खापर कोणाच्या तरी पाणवठ्यावरचे. जगाने जे टाकले ते या पुरुषाने उचलून अंगावर मिरविले, आणि तेवढ्यावर आयुष्य काढले. दिवसाच्या शेवटी त्यांच्यामागे कचरा म्हणून काही शिल्लक राहत नसे, मग झाडावयाचे काय?

म्हणून आम्ही शिक्षकांस विनंती करतो की बाबांचे चरित्र खराट्यापासून सुरू करू नये, खापरापासून करावे. खराटा हाती दिला की मुलांना वाटते, कचरा हा असायचाच, आपण तो गोळा करायचा. आधी तो होऊच किती द्यावा, हा धडा खापरात आहे.

खराट्याचीही कथा मोठी आहे, ती टाळून चालणार नाही. बाबा एखाद्या गावात शिरत ते आगाऊ वर्दी न देता. वेशीपासून झाडावयास आरंभ करीत. गल्ल्या, चावडी, देवळापुढचे पटांगण, गटारे. गावकऱ्यांना वाटे कोणी वेडा आहे. मग एखाद्या म्हाताऱ्याला लाज वाटे, तो हातातला खराटा मागे. पाठोपाठ तरुण येत, पोरे येत. सायंकाळपर्यंत गाव लख्ख होई. काम झाल्यावाचून बाबा कोणाच्या दारची भाकरी घेत नसत. रात्री त्याच झाडलेल्या पटांगणात कीर्तन. पैसे पुढे आले तर स्वतःसाठी घेत नसत. धर्मशाळा, सदावर्त, घाट यांच्या कामी ते लागत. पूर्णेकाठच्या ऋणमोचनचा घाट, पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथल्या धर्मशाळा, सगळे असेच उभे राहिले. पायाला हात लावू देत नसत, शिष्य करीत नसत.

त्यांच्या कीर्तनाची रीत आम्हां नारदीय किंवा वारकरी फडांवर वाढलेल्यांच्या रीतीहून निराळी होती. पूर्वरंग नाही, उत्तररंग नाही, संस्कृत श्लोकांची पेरणी नाही. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारावयाचा, श्रोत्यांनी एकमुखाने उत्तर द्यावयाचे, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढावयाचा, आणि मधून गोपालाच्या नावाचा गजर. श्रोता आपल्याच तोंडाने आपली चूक कबूल करून बसे. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईस वांद्र्याला झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे; शिक्षकांनी ते मिळवून एकदा तरी ऐकावे. मुलांना कसे शिकवावे हे त्यावरून जितके कळते तितके शिक्षणशास्त्राच्या पुस्तकावरून कळेल असे आम्हांस वाटत नाही.

बाबा पंढरीच्या वारीस येत. लाखो लोक रांगेत उभे राहत त्या वेळी ते वाळवंट आणि रस्ते झाडीत असत. यावर आमच्या संप्रदायातले काही वृद्ध आजही नाक मुरडतात. कीर्तनाचा विषय नाम आणि भक्ती, त्यात घाण-कचरा कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या वयाचा मान राखून आम्ही एवढेच सांगतो की पतंजलींनी नियम सांगताना पहिला नियम शौच हा सांगितला. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे दिली त्यात शौच आहे. आणि त्याचे विवरण करताना माउलींनी कापराचा दृष्टांत देऊन आत-बाहेर एकसारखी शुद्धी सांगितली आहे. बाहेरची शुद्धी सोडून आतलीच तेवढी घ्यावी असा पाठ कोणत्याही प्रतीत नाही.

वारीत पूर्वी पंगत उठली की पळसाच्या पत्रावळी एका बाजूला पडत. गुरे त्यांतले खात, उरलेले मातीत जाई. पुढे थर्माकोलच्या ताटल्या आणि पातळ पिशव्या आल्या. महाराष्ट्रात २०१८ साली त्यांवर बंदी आली, ती योग्यच झाली. पण बंदी कागदावर आणि ताटली वाळवंटात, असे अजून दिसते. त्याहून चमत्कारिक गोष्ट निर्माल्याची. देवाला वाहिलेली तुळस आणि फुले म्हणजे उत्तम खत. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून चंद्रभागेत सोडावयाची, हे कोणत्या शास्त्रात आहे? फुले कुजतात, पिशवी तशीच राहते, आणि बरोबर आलेले नातवंड हे सगळे डोळ्यांनी बघत असते. शाळेत गुरुजी एक सांगतात, वारीत आजोबा दुसरे करून दाखवितात. पोर कोणाचे ऐकणार?

शाळेतही सगळे ठीक चालते असे नाही. टाकाऊतून टिकाऊ म्हणून एक प्रदर्शन भरते. त्यासाठी आईसक्रीमच्या काड्यांचा नवा गठ्ठा दुकानातून विकत येतो, रंगीत कागद येतो, चिकटविण्याचे सामान येते. आठ दिवस वस्तू टेबलावर, नवव्या दिवशी ढिगावर. बाबांनी हे पाहिले असते तर कीर्तनात त्यावर दहा प्रश्न काढले असते. २००० साली त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छतेचे अभियान सुरू झाले, त्याने पुष्कळ गावे खरोखर जागी झाली. पण तपासणीची गाडी येण्याच्या आदल्या दिवशी झाडणे आणि रोज झाडणे यातला फरक पोरांनाही कळतो.

त्यापेक्षा एक खड्डा खणावा. दीड हात खोल पुरे. डब्यातले उरलेले, फळांच्या साली, देवघरातले निर्माल्य, वाळका पाला, हे थराथराने घालावे. अधूनमधून शेणकाला शिंपडावा, वर मातीचा हात फिरवावा. पिळलेल्या फडक्याइतकी ओल राखावी, फार भिजविले तर घाण सुटते. पंधरवड्याने वरखाली करावे. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीचा वास येणारे खत होते. ते शाळेच्या झाडांना मुलांच्याच हातून घालवावे. कागद वेगळा ठेवावा, तो रद्दीवाला नेतो. काच आणि पत्रा भंगारवाला नेतो. जुने कपडे बोहारीण नेते. ही माणसे रोज दारावरून जातात, त्यांना वर्गात बोलावून त्यांच्या धंद्याची माहिती मुलांनी विचारावी. खरकटे लागलेला कागद रद्दीत का घेत नाहीत, हे भंगारवाल्याच्या तोंडून ऐकले की ओला आणि सुका वेगळा का ठेवावा ते पुन्हा शिकवावे लागत नाही.

बाबांजवळ मुले कशी येत याचे एक उदाहरण वाचकांच्या ओळखीचे आहे. गो. नी. दांडेकर हे परतवाड्याचे. कोवळ्या वयात स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी घर सोडून निघाले आणि पुढे बाबांच्या सहवासात आले, त्यांचा संदेश घेऊन गावोगाव हिंडले. ज्ञानदेवांवर आणि तुकोबांवर कादंबऱ्या लिहिणारा हा लेखक आधी या निरक्षर साधूच्या शाळेत शिकला होता. भांडी मोडून विकावी लागली आणि हातावर भाकरी घेऊन खावी लागली तरी चालेल, पण पोरांना शिकवा, असे बाबा सांगत. १९५२ साली त्यांच्या कार्यासाठी मिशन स्थापन झाले. १९५४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडला महाविद्यालय काढले ते बाबांच्या नावाने. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लोकांनी जी माणसे गावाबाहेर टाकली होती त्यांच्यासाठी ती बांधलेली होती. टाकलेल्या खापराला हाती धरणाऱ्या पुरुषाने ती बांधावी हे त्याच्या स्वभावाला धरूनच होते.

१९५६ च्या डिसेंबरात ६ तारखेस बाबासाहेब गेले. बाबांची प्रकृती तेव्हा खालावलेलीच होती. अमरावतीकडे नेत असता वलगावाजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला. अमरावतीस गाडगेनगरात त्यांची समाधी आहे आणि पुण्यतिथीचा उत्सव तेथे होतो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी प्रत्येकाचे ताट आणि पेला घरून बरोबर न्यावा.