सुगरणीचे कोडे आणि सलीम अली

मी आज पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांची माहिती सांगतो. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आईवडील वारले. मामांनी त्यांना वाढवलं. १९३० साली ते जर्मनीहून पक्ष्यांचा अभ्यास करून परत आले, तर मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी गेलेली! मग ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथं सुगरण पक्ष्यांचे खोपे होते. नोकरी नव्हती, पण वेळ होता. ते तासन् तास पाहत बसत आणि टिपून ठेवत.

आपण सुगरण म्हणतो, पण खोपा विणतो नर! अर्धा विणून झाला की माद्या येऊन पाहून जातात. पसंत पडला तर मादी तिथं राहते, अंडी घालते. नर खोपा पुरा करतो नि दुसऱ्या मादीसाठी दुसरा विणायला घेतो. नापसंत खोपा अर्धवटच राहतो. हे सारं सलीम अलींनी नीट उलगडून दाखवलं.

२० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यासारखं मीही विहिरीवरचे पुरे आणि अर्धे खोपे मोजून वहीत लिहितो. मित्रांनो, खोपा तोडू नका. खाली गप्प बसा नि बघा!