जीवनसत्त्वही त्यांचे, त्याचा वैरीही त्यांचाच

रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या मुलांच्या औषधांच्या यादीत गेली अनेक दशके एक नाव हमखास आढळते- मेथोट्रेक्सेट. ते ज्यांच्या प्रयोगशाळेत जन्मले, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव मात्र आपल्याकडेही फारसे कोणाला आठवत नाहीत.

तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील भीमावरम येथे १२ जानेवारी १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. घरची ओढगस्त, त्यात मॅट्रिकला दोनदा अपयश. यात्रेकरूंना केळी विकून पैसा मिळवावा म्हणून हा मुलगा घरातून काशीला निघाला होता आणि आईने त्याला माघारी आणले, अशी आठवण सांगितली जाते. पुढे मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा पोशाख घातला. इंग्रज प्राध्यापकांची खप्पामर्जी झाली आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस या दुय्यम पदवीवर समाधान मानावे लागले.

याच काळात त्यांचे दोन भाऊ स्प्रू या आजाराने दगावले. या विकारात अन्नातील सत्त्व आतड्यात शोषले जात नाही आणि रोगी रक्तहीन होत जातो. सुब्बारावही त्याच वाटेवर होते. डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते वाचले. हा आजार त्यांनी कधीच विसरला नसावा, असे पुढचे संशोधन पाहता वाटते.

१९२०च्या दशकाच्या प्रारंभी ते बोस्टनला गेले. पत्नी शेषगिरी मागे राहिल्या; सुब्बाराव पुन्हा मायदेशी परतलेच नाहीत. रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करीत त्यांनी हार्वर्डमध्ये शिक्षण घेतले. सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी शोधलेली, रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली. एवढे होऊनही हार्वर्डने कायम पद दिले नाही. १९४० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली या औषध कंपनीची वाट धरली.

तेथे १९४५ मध्ये त्यांच्या चमूने फोलिक आम्ल हे जीवनसत्त्व कृत्रिमरीत्या तयार केले. स्प्रूच्या रोग्यांना ते गुणकारी ठरले. भावांसाठी मात्र फार उशीर झाला होता. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना वेगळीच शंका आली. फोलिक आम्लाच्या संयुगांनी ल्युकेमिया उलट बळावतो की काय? मग या जीवनसत्त्वाचा विरोधकच का देऊ नये? सुब्बारावांच्या चमूने तो बनवून दिला. त्याचे नाव अमिनोप्टेरिन. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६ मुलांपैकी १० जणांची प्रकृती सुधारली होती. सुधारणा तात्पुरती होती, आजार परतत असे. पण तोवर या मुलांसाठी औषधच नव्हते.

याच औषधाचे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. त्याची रचना फोलिक आम्लाशी इतकी मिळतीजुळती, की पेशीतील विकर फसते, डीएनएची निर्मिती थांबते आणि भराभर वाढणारी कर्कपेशी मरते. दुष्परिणामांचे मूळही तेथेच आहे. तोंडाचे अस्तर आणि अस्थिमज्जा याही झपाट्याने वाढणाऱ्या पेशींच्याच. त्यामुळे तोंड येते, मळमळते, पांढऱ्या पेशी घटून संसर्ग जडतो. यकृत, मूत्रपिंड व फुप्फुसांवर लक्ष ठेवावे लागते. गर्भवतींना ते घातक. मोठ्या मात्रेनंतर निरोगी पेशी वाचविण्यासाठी दिले जाते फोलिनिक आम्ल, म्हणजे त्याच जीवनसत्त्वाचे एक रूप!

१९५६ मध्ये अमेरिकेत गर्भवेष्टनाचा कर्करोग या औषधाने बरा झाला. संधिवात व सोरायसिसमध्येही ते अल्प मात्रेत, आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतल्याने रोगी दगावल्याच्या घटना आहेत, हे घरातल्या प्रत्येकाने जाणून घ्यावे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बरा न होणाऱ्या तोंड-घशाच्या कर्करोगात याच्या स्वस्त गोळ्या सेलेकॉक्सिबसह महागड्या उपचारापेक्षा सरस ठरल्या.

यातले काहीच सुब्बारावांनी पाहिले नाही. फार्बर यांचा लेख प्रसिद्ध झाल्यावर अवघ्या दोन महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ५३. कायद्याने मुभा मिळूनही अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी घेतले नव्हते. भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले ते जन्मशताब्दीला, १९९५ मध्ये.