डॉक्टर सुशीला नायर : आपल्या देशाच्या आरोग्यमंत्री

माझ्या पणजीला आम्ही मोठी माय म्हणतो. तिच्या तोंडावर बारीक बारीक खड्डे आहेत. मला वाटायचं, ते म्हातारपणामुळं पडले असतील. गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी थोर व्यक्तीची माहिती लिहायला सांगितली, तेव्हा मी तिला विचारलं. ते देवीचे वण आहेत असं तिनं सांगितलं. देवीचा रोग देशातून घालवायचे काम सुरू झाले तेव्हा डॉक्टर सुशीला नायर आरोग्यमंत्री होत्या. म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे.

सुशीलाबाईंचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी पंजाबातील कुंजाह या गावी झाला. ते गाव आता पाकिस्तानात आहे. वडील लवकर वारले. त्या काळी मुलींना फार शिकवत नसत. पण सुशीलाबाई दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात शिकून डॉक्टर झाल्या. त्यांचे भाऊ प्यारेलाल हे गांधीजींचे सचिव होते. भावाला भेटायला त्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला आल्या, तेव्हा तिकडे पटकीची साथ आली होती. त्यांनी रोग्यांची सेवा केली. पुढे त्या गांधीजींच्याच डॉक्टर झाल्या.

१९४२ च्या चळवळीत त्यांना अटक झाली. पुण्याच्या आगाखान महालात त्या गांधीजी व कस्तुरबांबरोबर कैदेत होत्या. कस्तुरबा तिथेच १९४४ साली वारल्या. सुटून आल्यावर सुशीलाबाईंनी सेवाग्रामला दवाखाना काढला. त्याचंच पुढं कस्तुरबा रुग्णालय झालं. नंतर त्या अमेरिकेला जाऊन आणखी शिकल्या. रोग झाल्यावर औषध देणं वेगळं आणि रोग होऊच न देणं वेगळं. ते दुसरं शिक्षण त्यांनी घेतलं.

१९५७ साली त्या झाशीहून लोकसभेत निवडून आल्या. १९६२ ते १९६७ अशी पाच वर्षे त्या केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. १९६२ सालीच देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लहान-मोठ्या सगळ्यांना लस टोचायची असं ठरलं. उन्हात लवकर खराब न होणारी लस रशियातून आली. आपल्या महाराष्ट्रात त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. तेव्हा लातूर जिल्हासुद्धा नव्हता, तो १९८२ साली झाला.

मंत्री दिल्लीला असतात, पण लस टोचणारा माणूस खेड्यात पायी यायचा. त्याला लोक देवी डॉक्टर म्हणायचे. मोठी माय लहान होती तेव्हा तो आला, की तिची आई लेकरांना कणगीमागं लपवायची. लस टोचली तर देवी कोपते, असं लोकांना वाटायचं. मग मोठ्या मायला आणि तिच्या धाकट्या भावाला देवी आल्या. ती वाचली. भाऊ वाचला नाही. हे सांगताना ती रडली. म्हणून पुढं गावात देवी डॉक्टर आला तेव्हा तिनं माझ्या आजोबांना कडेवर घेऊन सगळ्यांच्या आधी नेलं. आजोबांच्या दंडावर अजून दोन गोल वण आहेत. तोंडावर एक पण नाही.

देवीचा रोग पाच वर्षांत गेला नाही. भारतातला शेवटचा रोगी १९७५ साली सापडला. तेव्हा सुशीलाबाई मंत्री नव्हत्या. एवढं मोठं काम एकट्या मंत्र्याचं नसतं, असं गुरुजींनी सांगितलं. १९८० साली सगळ्या जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं.

मंत्रिपद गेल्यावर त्यांनी १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. खेड्यात निघालेलं ते देशातलं पहिलं. तिथले विद्यार्थी खेड्यात जाऊन राहतात आणि लोकांचे आजार समजून घेतात. शेतकऱ्यांजवळ पैसे नसत, म्हणून सुगीत थोडी ज्वारी जमा करून वर्षभर उपचार मिळायची सोय केली होती. मला ही गोष्ट लई आवडली. ज्वारी तर आमच्या घरी पण असते.

सुशीलाबाईंनी लग्न केले नाही. ३ जानेवारी २००१ रोजी त्या सेवाग्रामला वारल्या. त्या दिवशी सावित्रीबाई फुले यांची जयंती असते.

दहा वर्षांच्या मुलांना धनुर्वात आणि घटसर्पाची लस टोचायला पुढच्या आठवड्यात सिस्टरबाई शाळेत येणार आहेत. मला सुईची भीती वाटते. मागच्या वेळी मी पोट दुखतंय असं खोटंच सांगून घरी पळाले होते. आता मी पहिला नंबर लावणार आहे. मोठी माय माझ्यासंग येणार आहे. मुलांनो, तुम्ही पण लपू नका. आणि आई-वडिलांनो, तुम्ही हे वाचत असाल तर त्या दिवशी लेकरांना शेतात नेऊ नका, शाळेत धाडा.