रेषेपलीकडची कबर

पेशावरजवळच्या हश्तनगर भागात उत्मानझई नावाचे गाव आहे. तिथल्या बहराम खान या जमीनदाराच्या घरी १८९० मध्ये अब्दुल गफ्फार जन्मले. ते तीन वर्षांचे असताना, १२ नोव्हेंबर १८९३ रोजी, काबूलमध्ये एक करार झाला. ब्रिटिश हिंदुस्थानचे परराष्ट्र सचिव मॉर्टिमर ड्युरँड आणि अफगाणिस्तानचे अमीर अब्दुर रहमान यांनी कुणाची हुकमत कुठपर्यंत चालेल हे ठरवून घेतले आणि त्यासाठी नकाशावर एक रेषा ओढली. रशियाला हिंदुस्थानपासून दूर ठेवायचे ही इंग्रजांची चिंता होती. ज्यांच्या डोंगरांतून, कुरणांतून आणि नातेसंबंधांतून ही रेषा गेली त्या पठाणांना कुणी काही विचारले नाही. मोहमंदांसारख्या टोळीचे काही लोक अलीकडे राहिले, काही पलीकडे.

गोष्ट तिथे थांबली असती तरी एकवेळ चालले असते, कारण डोंगरातला माणूस रेषेला फारसा जुमानत नव्हता. त्याहून खोल घाव रेषेच्या अलीकडे बसला. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी पंजाबपासून तोडून वायव्य सरहद्द प्रांत तयार केला. त्यात हजारा, पेशावर, कोहाट, बन्नू आणि डेरा इस्माईल खान हे पाच जिल्हे घातले. त्यापलीकडचा डोंगराळ टोळी प्रदेश पोलिटिकल एजंटांच्या हाती दिला. क्वेट्टा आणि पिशीनकडचे पठाण आधीच ब्रिटिश बलुचिस्तानात गेले होते. एका भाषेचे, एका रीतिरिवाजाचे लोक अशा प्रकारे चार कारभारांत विभागले गेले. आणि त्याच १९०१ साली त्यांच्यासाठी एक खास कायदा पक्का करण्यात आला, फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन. त्यात सरकारी अधिकाऱ्याने नेमलेली जिरगा निवाडा करी. आरोपीला ना वकील, ना दलील, ना अपील. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या गावाला किंवा टोळीला दंड करता येई. चाळिसावे कलम तर असे की, एखादा माणूस पुढे शांतता बिघडवील असे वाटले तरी त्याच्याकडून जामीन मागावा आणि न दिल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगात ठेवावे. गुन्हा घडायचीही गरज नव्हती. या कलमाची आणि अब्दुल गफ्फार यांची पुढे वारंवार गाठ पडणार होती.

त्यांचे शिक्षण पेशावरच्या मिशन शाळेत झाले. फौजेत अधिकारी होण्याची संधीही चालून आली होती, पण एका इंग्रजाने हिंदी अधिकाऱ्याचा केलेला अपमान डोळ्यांदेखत पाहिला आणि त्यांनी तो नाद सोडला. थोरले भाऊ डॉ. खानसाहेब वैद्यकीचे शिक्षण घ्यायला विलायतेला गेले. धाकट्यानेही तीच वाट धरावी असा बेत होता, पण आई दुसरा मुलगाही दूर पाठवायला तयार झाली नाही. आईचा शब्द मोडून जाणे त्यांना जमले नाही. मग गावातच राहून त्यांनी शाळा काढायला सुरुवात केली. पठाणाला बंदूक मिळत होती, अफूही मिळत होती, अक्षर तेवढे मिळत नव्हते. सरकारला या शाळा खपल्या नाहीत आणि काही मौलवींनाही खपल्या नाहीत.

१९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध उत्मानझईत सभा झाली. अब्दुल गफ्फार यांच्या पायांत बेड्या पडल्या आणि गावावर सामूहिक दंड बसला. पुढच्याच वर्षी खिलाफतीच्या भरात हजारो मुसलमान हिजरत करून अफगाणिस्तानात गेले, त्यांत तेही होते. ड्युरँड रेषा ओलांडून आपल्याच लोकांत जाण्याचा हा अनुभव त्यांना बरेच काही शिकवून गेला. पलीकडेही गरिबी तीच आणि निरक्षरताही तीच होती. काबूलच्या दरबारात चालणारी भाषा मात्र फारसी. मुलूख सोडून पळण्याने काही साधणार नाही हे ओळखून ते परतले आणि १९२१ मध्ये त्यांनी उत्मानझईत आझाद शाळा सुरू केली. त्याच वर्षाच्या अखेरीस सरहद्दीच्या त्याच खास कायद्याखाली त्यांना तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘पख्तून’ नावाचे पश्तो मासिक काढले. दुभंगलेल्या लोकांना जोडणारा धागा भाषा आहे, हे त्यांना काबूलमध्येच कळले होते.

१९२९ मध्ये ‘खुदाई खिदमतगार’ संघटना उभी राहिली. खुदाला कुणाच्या सेवेची गरज नाही, म्हणून त्याच्या बंद्यांची सेवा हीच त्याची सेवा, असा तिचा साधा अर्थ. सदस्याला शपथ घ्यावी लागे की तो हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही आणि जुनी वैरे सोडून देईल. पठाणी रिवाजात ‘बदल’ म्हणजे सूड हे कर्तव्य मानले जाते. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी खुन्नस तिथे घराण्याची अब्रू असते. अशा लोकांकडून ही शपथ घेववणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून ते विटकरी लाल रंगात रंगवले गेले. इंग्रजांनी तेवढ्यावरून त्यांना ‘लाल डगलेवाले’ म्हणत बोल्शेविक ठरवायचा प्रयत्न केला.

त्यांना ‘सरहद्द गांधी’ म्हटले जाते. हे नाव प्रेमाने दिलेले असले तरी थोडे अन्यायाचे आहे, कारण त्यामुळे ते कुणाची तरी प्रतिकृती वाटतात. गांधीजींवर त्यांची अपार श्रद्धा होती. पण अहिंसा ते आपल्या लोकांना समजावीत ती ‘सब्र’ या कुराणातल्या शब्दाने. मक्केतील तेरा वर्षे पैगंबरांनी आणि त्यांच्या साथीदारांनी छळ सोसला, पण हात उगारला नाही आणि हकही सोडला नाही. हा दाखला निरक्षर पठाणालाही पटकन समजे. रमजानला सब्रचा महिना म्हणतात. भूक लागली असून आणि अन्न समोर असून हात आवरणे हा त्या महिन्याचा सराव. बादशाह खानांनी हाच सराव बंदूक हाताशी असलेल्या माणसांकडून करून घेतला.

त्याची परीक्षा २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात झाली. बादशाह खानांना त्या दिवशी अटक झाली होती. निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. माणसे पडत होती, मागची पुढे येत होती. गढवाल रायफल्सच्या एका तुकडीने चंद्रसिंह गढवाली यांच्या नेतृत्वाखाली गोळी चालवायला नकार दिला आणि त्या हिंदू शिपायांनी पठाणांसाठी लांब शिक्षा भोगल्या. सरकारी मृतांचा आकडा आणि लोकांचा आकडा यांत मोठे अंतर राहिले. त्यानंतर प्रांतभर दडपशाही सुरू झाली, गावेच्या गावे घेरली गेली, पण खुदाई खिदमतगारांची संख्या वाढतच गेली.

१९३४ मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून सुटल्यावर त्यांना स्वतःच्या प्रांतात पाऊल टाकायची बंदी होती. ते आणि डॉ. खानसाहेब वर्ध्याला गांधीजींजवळ येऊन राहिले. त्या वर्षी मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्षपदाचा विचार पुढे आला तेव्हा, आपण साधे शिपाई आहोत, असे सांगून ते बाजूला झाले. मुंबईतल्याच एका भाषणात त्यांनी सरहद्दीवरील हकिगत सांगितली. तेवढ्यावरून डिसेंबरमध्ये वर्ध्यात येऊन पोलिसांनी त्यांना पकडले आणि राजद्रोहासाठी दोन वर्षांची शिक्षा झाली.

१९४६ च्या निवडणुकीत सरहद्द प्रांतातल्या ५० पैकी ३० जागा काँग्रेसने जिंकल्या. जवळपास सगळ्या मुस्लिम वस्तीच्या या प्रांताने मुस्लिम लीगला बहुमत दिले नाही. डॉ. खानसाहेबांचे सरकार आले. बादशाह खान मात्र त्या दिवसांत सत्तेच्या आसपास नव्हते. बिहारमध्ये दंगलीत उद्ध्वस्त झालेल्या मुसलमानांच्या गावांतून ते फिरत होते. जून १९४७ मध्ये काँग्रेसने फाळणीची योजना मान्य केली. त्यात त्यांच्या प्रांतासाठी सार्वमताची अट होती आणि पर्याय दोनच होते, हिंदुस्थान किंवा पाकिस्तान. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून सतरा वर्षे काढली, त्यांनी न विचारता आपल्याला सोडून दिले, ही जखम त्यांच्या मनातून कधी गेली नाही. बन्नूच्या सभेत पख्तुनांचे स्वतंत्र राज्य हा तिसरा पर्याय मागण्यात आला. तो नाकारला गेला, तेव्हा खुदाई खिदमतगारांनी सार्वमतावर बहिष्कार टाकला. एकूण ५,७२,७९८ मतदारांपैकी २,८९,२४४ जणांनी पाकिस्तानला मत दिले. हिंदुस्थानच्या बाजूने २,८७४ मते पडली. बहिष्काराने निकाल आयताच दुसऱ्या बाजूच्या पदरात टाकला, हे खरेच. पण त्या उन्हाळ्यात दंगलींच्या ज्वाळांत मतदान झाले असते तर रक्त किती सांडले असते, याचाही विचार त्यांना करावा लागला होता.

पाकिस्तान रमजानच्या अखेरच्या दिवसांत अस्तित्वात आले. १८ ऑगस्टला ईद झाली. त्यानंतर चारच दिवसांनी डॉ. खानसाहेबांचे सरकार बरखास्त झाले, विधिमंडळात बहुमत असताना. बादशाह खानांनी फेब्रुवारी १९४८ मध्ये नव्या देशाच्या निष्ठेची शपथ घेतली आणि पख्तुनांना या देशातच नाव आणि स्वायत्तता द्या, एवढीच मागणी ठेवली. जूनमध्ये त्यांना अटक झाली. कलम कोणते? तेच, चाळिसावे. जामीन द्यायला त्यांनी पूर्वीसारखाच नकार दिला आणि इंग्रजांच्या काळासारखीच तीन वर्षांची सजा झाली. राज्य बदलले, झेंडा बदलला, कायद्याच्या पुस्तकाचे ते पान तसेच राहिले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्याजवळ बाबडा इथे खुदाई खिदमतगारांवर गोळीबार झाला, तो किस्साख्वानीची आठवण करून देणारा. या वेळी गोळी घालणारे परके नव्हते. प्रांताचे मुख्यमंत्री अब्दुल कय्यूम खान तर एकेकाळचे काँग्रेसवालेच.

पुढची वर्षे सुटका आणि अटक यांतच गेली. १९५५ मध्ये पश्चिम पाकिस्तानचे सगळे प्रांत एकात मिसळले गेले, त्याला विरोध केला म्हणून पुन्हा तुरुंग. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने १९६२ साठी त्यांना वर्षाचे कैदी म्हणून निवडले. १९६४ मध्ये औषधोपचारासाठी परदेशी गेले ते अफगाणिस्तानात जाऊन राहिले. काबूलच्या राज्यकर्त्यांनी त्यांना मान दिला, पण पख्तुनिस्तानचा प्रश्न त्यांच्यासाठी बऱ्याचदा पाकिस्तानशी सौदा करण्याचे साधन होता. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीसाठी ते भारतात आले तेव्हा अहमदाबाद दंगलीत होरपळत होते. सत्काराच्या हारतुऱ्यांत न रमता त्यांनी उपवास केला. १९८७ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. भारताचे नागरिक नसताना हा सन्मान मिळालेले ते पहिलेच.

२० जानेवारी १९८८ रोजी पेशावरमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याला जलालाबादला दफन करावे, ही त्यांची इच्छा होती. अफगाणिस्तानात तेव्हा सोव्हिएत फौजा होत्या आणि युद्ध चालू होते. जनाजा जावा म्हणून लढाई थांबवण्यात आली आणि हजारो माणसे खैबर खिंडीतून, तोरखमहून, कागदपत्रांशिवाय पलीकडे गेली. त्या गर्दीतही बाँबस्फोट झाले आणि शोक करायला आलेली माणसे मेली.

त्यांनी मागितलेल्या नावापैकी ‘पख्तुनख्वा’ हा शब्द प्रांताला २०१० मध्ये मिळाला. टोळी प्रदेशातल्या प्रौढांना मताचा हक्क मिळायला १९९६ उजाडले होते. फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन तिथून मे २०१८ मध्ये गेले, म्हणजे ज्यांना त्याने पुन्हा पुन्हा कोंडले त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. ड्युरँड रेषेवर मात्र त्याच्या आधीच्याच वर्षी पाकिस्तानने तारेचे कुंपण घालायला सुरुवात केली होती. काबूलमध्ये कम्युनिस्ट आले, तालिबान आले, पण यांपैकी कुणीही ही रेषा सरहद्द म्हणून मान्य केलेली नाही. तोरखमला २०१६ पासून पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. उत्मानझईच्या माणसाला बादशाह खानांच्या कबरीवर फातिहा पढायला जायचे असेल, तर आधी अर्ज भरावा लागतो.