मंडईत लागलेले लग्न

मैत्रिणींनो, भायखळ्याची मंडई आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करण्यात आपला निम्मा जन्म तिथे गेला. पण याच भायखळ्याच्या बाजारात एका रात्री एक लग्न लागले होते, हे मला इथे नांदायला येईपर्यंत माहीत नव्हते. ते मला माझ्या सासूबाईंनी सांगितले.

मी तेव्हा नवी नवरी होते. माझ्या बरोबरीच्या मुली लग्नानंतर माथेरान-महाबळेश्वर पाहून आल्या होत्या. आमच्या ह्यांना रजा नव्हती आणि हातात पैसाही नव्हता. राणीच्या बागेत एक संध्याकाळ, चण्याची एक पुडी आणि पावसात भिजत चालत घरी येणे, एवढीच आमची सहल. मी तोंड फुगवून बसले. सासूबाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला भाजीला बरोबर घेऊन गेल्या, आणि पिशवी खाली ठेवून त्यांनी मला रमाबाई आंबेडकरांच्या लग्नाची हकीकत सांगितली. पुढे मी जमेल तसे वाचत गेले. तीच हकीकत आज आपल्यापुढे मांडते.

रमाबाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा. गाव दापोलीजवळचे वणंद. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या डोक्यावरून वाहत. आईचे नाव रुक्मिणी. लहानपणी मुलीला रामी म्हणत. आई लवकर गेली, मागोमाग वडीलही गेले आणि मुले पोरकी झाली. मग काका आणि मामा त्यांना मुंबईला घेऊन आले, ते आपल्या भायखळ्यालाच. कोकणातला समुद्र, ओढे, आंब्याची झाडे मागे राहिली आणि चाळीची गॅलरी नशिबी आली.

त्याच वेळी सुभेदार रामजी आंबेडकर आपल्या धाकट्या मुलासाठी, भीमरावासाठी, मुलगी पाहत होते. रमा त्यांच्या मनात भरली. लग्न ठरले ते १९०६ च्या सुमारास. मुलगी आठ-नऊ वर्षांची आणि नवरदेव अजून शिकत असलेला. त्या काळची रीतच तशी होती. लग्नाला कार्यालय नव्हते. एक तर गरिबी, आणि अस्पृश्य म्हणून जागा देणार तरी कोण? म्हणून दिवसाचा व्यवहार आटोपून बाजार बंद झाल्यावर त्याच्या उघड्या छपराखाली लग्न लावायचे ठरले. एका कोपऱ्यात वराकडची मंडळी, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची. विक्रेत्यांचे दगडी ओटे हीच बसायची बाके. खालून गटाराचे घाण पाणी वाहत होते. पहाटे बाजार भरायच्या आत अक्षता पडून सर्व आटोपले. सकाळी त्याच ओट्यांवर रोजच्यासारखा माल मांडला गेला असेल, आणि घेणाऱ्या बायकांना रात्रीचे काही कळलेही नसेल.

सासर म्हणजे लोअर परळच्या डबक चाळीतली एक खोली. त्या एकाच खोलीत स्वयंपाकाची भांडी, जाते, जळण आणि माणसे, एवढेच काय पण एक बकरीसुद्धा. सासू भीमाबाई पूर्वीच वारल्या होत्या. आत्या मीराबाईंनी ती मुले वाढवली होती. सासरे कबीरपंथी, घरात भजन-अभंग चालत. रामजीबाबा मुलाला लवकर झोपवीत आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवीत. अशा घरात नव्या जोडप्याला एकांत कसला मिळणार! पण ज्या बाईचा नवरा रात्री जागून वाचतो, तिला ती रात्र कशी असते ते मी सांगू शकते. आमच्या ह्यांनी खात्याच्या परीक्षेचा अभ्यास असाच केला. कंदील असो की दिवा, उजेडाकडे पाठ करून झोपायचे. पान उलटल्याचा आवाज आला की तो माणूस जवळ आहे एवढे कळते. माझ्या मते रमाबाईंनी संसाराचे पहिले सुख असेच अनुभवले असेल. कुठे फिरायला जाण्याचे नाही, तर सोबतीचे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. १९१२ च्या डिसेंबरात मुलगा यशवंत झाला. फेब्रुवारी १९१३ मध्ये सासरे वारले आणि त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेस गेले. परत आले ते १९१७ साली. मग सिडनॅम कॉलेजात प्रोफेसरी मिळाली. पगार आला तरी घराला ठरावीकच रक्कम मिळे, बाकी सारे लंडनच्या शिक्षणासाठी साठवायचे. १९२० साली ते लंडनला गेले आणि बॅरिस्टर होऊन १९२३ साली परतले. हिशेब करून पाहा, सुमारे सात वर्षे विरहात गेली. त्या काळात रमाबाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या आणि घर चालवले, असे जुनी माणसे सांगत. घरात विधवा जाऊ होती आणि पुतण्या होता. सगळ्यांचे पोट भरायचे होते.

पुढे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत समोरासमोरच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत पुस्तके, दुसऱ्या खोलीत संसार. मधल्या पॅसेजमधून किती वेळा चहा-जेवण नेले असेल! बाबासाहेब वाचनात गढले की जेवणाचे भान नसे. ते तिला लाडाने रामू म्हणत, ती त्यांना साहेब म्हणे. याच संसारात पाच मुलांपैकी चार मुले गेली. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. उरला एकटा यशवंत.

रमाबाईंना पंढरपूरला जायची फार इच्छा होती. पण अस्पृश्यांना देवळात प्रवेश नव्हता, आणि दारातून परतण्याचा अपमान बाबासाहेबांना पत्नीसाठी नको होता. आपल्या शुद्ध आचरणाने आणि गांजलेल्यांच्या सेवेने आपण दुसरी पंढरी उभी करू, असे त्यांनी तिला समजावले. आपण नवऱ्याकडे एखादी सहल मागतो, रजा नाही म्हणून ती राहते आणि आपण रुसतो. त्यांनी देवाचे दर्शन मागितले, आणि ते जातीमुळे राहिले. हे वाचले तेव्हा माझ्या रुसण्याची मला लाज वाटली.

दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. मोठे घर झाले, पण तब्येत आधीच खालावली होती. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. वय अवघे ३७. त्यानंतर बाबासाहेब कितीतरी दिवस दुःखात बुडून गेले. १९४० साली त्यांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर मोठा ग्रंथ लिहिला, तो त्यांनी रामूच्या स्मृतीस अर्पण केला आणि हालाखीच्या दिवसांत तिने दिलेली साथ तिथे नमूद केली. राजकारणाच्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर बायकोचे घरातले नाव!

सासूबाई आता नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला उपदेश केला नाही. हकीकत सांगून झाल्यावर पिशवी उचलली आणि मेथीचा भाव विचारला, एवढेच. पण त्या संध्याकाळी ह्यांनी पुन्हा राणीच्या बागेत चल म्हटले, तेव्हा मी एका शब्दाने कुरकुर न करता पायात चप्पल घातली. मोठ्या झाडांखाली गार वारा होता आणि चण्याची पुडी गरम होती. आजही आम्ही कधीमधी जातो.

मैत्रिणींनो, उद्या भाजीला जाल तेव्हा घटकाभर थांबा. या बाजारात जिचे लग्न झाले, त्या मुलीला मनातल्या मनात नमस्कार करा आणि मगच घासाघीस सुरू करा.