गळ, नदी आणि जानेवारीचा कोळसा

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर सरत आला की नद्यांचा रंग बदलतो. उन्हाळाभर माजलेल्या पाणवनस्पती पहिल्या थंडीने कुजून तळाशी बसतात. काठावरच्या झाडांची पिवळी पाने प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि सकाळी गवतावरचे दहिवर गोठलेले असते. उन्हाळ्यात पाण्याच्या वरच्या थरात बागडणारे मासे आता उथळ पाणी सोडून खोल डोहांकडे सरकू लागतात. ट्राउट आणि सॅमन या मानाच्या माशांच्या मागे असलेली मंडळी याच सुमारास आपल्या काठ्या गुंडाळून ठेवतात, कारण त्या माशांचा विणीचा काळ जवळ आलेला असतो. मग नदीकाठ उरतो तो साध्या माणसांना आणि साध्या माशांना.

चब, रोच, पर्च, पाइक अशी या साध्या माशांची नावे. आपण ज्वारी, बाजरी, नाचणी यांना मिळून भरड धान्य म्हणतो, तसेच इंग्रज लोक या साऱ्यांना मिळून 'भरड' मासे म्हणतात. ते बहुतेक वसंतात वितात, म्हणून इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून त्यांच्या मासेमारीला बंदी असते. शरद ऋतू लागला, की हे मासे हिवाळ्याच्या तयारीने खाऊ लागतात. लहान पिल्लांचे थवे एकत्र येतात आणि त्यांच्या मागावर पाइक नावाचा दांडगा शिकारी मासा डोहाच्या तोंडाशी दबा धरून बसतो. नोव्हेंबरच्या धुक्यात, गळपट्टा गुंडाळून, हातापायांना मुंग्या येईपर्यंत पाण्याकडे बघत बसणारा माणूस तिथल्या नदीकाठी हमखास दिसतो. आपल्याकडे गळ टाकून बसलेल्या माणसाला लोक रिकामटेकडा म्हणतात. तिकडेही म्हणत असतील. पण त्या माणसाला एक आद्यपुरुष लाभला आहे आणि त्याचे नाव आयझॅक वॉल्टन.

वॉल्टनचे 'द कंप्लीट अँगलर' हे गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक १६५३ साली निघाले. इंग्रजीत सर्वाधिक वेळा छापल्या गेलेल्या पुस्तकांत त्याची गणना होते. ते ज्यांनी वाचले आहे त्यांच्या मनात एक वसंतातली सकाळ असते. मे महिना, लंडनच्या उत्तरेला टॉटनहॅमची टेकडी, तिथे योगायोगाने भेटलेले प्रवासी, लीया नदीच्या काठाने चाललेल्या गप्पा, वाटेत गवळणीचे गाणे आणि रात्री खाणावळीत भाजलेला मासा. असे पुस्तक लिहिणारा माणूस जन्मभर सुखात लोळत असणार, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात वॉल्टनने हिवाळा फार जवळून पाहिला होता.

त्याचा जन्म १५९३ सालचा, स्टॅफर्ड गावातला. तो साडेतीन वर्षांचा असतानाच वडील वारले. पुढे हा पोरका मुलगा लंडनला आपल्या मेव्हण्याकडे कापडाच्या धंद्यात उमेदवारीला राहिला. तिथे धंदा करायचा तर कुठल्या ना कुठल्या व्यापारी संघाचे सभासदत्व लागे. १६१८ मध्ये वॉल्टन लोखंड विकणाऱ्यांच्या संघाचा सभासद झाला आणि त्या सभासदत्वावर कापड विकू लागला. फ्लीट स्ट्रीटवर चॅन्सरी लेनजवळ त्याचे दुकान होते. महाविद्यालयाचे तोंडही त्याने पाहिले नव्हते. पण त्याच्या पेठेतल्या चर्चमध्ये १६२४ साली धर्मगुरू म्हणून आला तो जॉन डन, इंग्रजी भाषेतला थोर कवी. या कापडवाल्याची आणि त्या कवीची मैत्री जमली. डन १६३१ मध्ये गेला. त्याचे चरित्र लिहायचे काम सर हेन्री वॉटन या विद्वान मुत्सद्द्याकडे होते आणि वॉल्टन त्यासाठी माहिती जमवून देत होता. पण वॉटनही १६३९ च्या अखेरीस वारला. तेव्हा दुकानदाराने स्वतःच लेखणी उचलली आणि १६४० मध्ये डनचे चरित्र छापून आले. पुढे वॉटन, हूकर, हर्बर्ट आणि सँडरसन यांचीही चरित्रे त्याने लिहिली. इंग्रजीतल्या चरित्रलेखनाचा इतिहास ती ओलांडून पुढे जात नाही.

त्याच १६४० साली त्याची पत्नी रेचेल वारली. या जोडप्याला सात मुले झाली होती. त्यांतले एकही मोठे झाले नाही. त्या काळी बालमृत्यू ही घरोघरची गोष्ट होती हे खरे, पण सात वेळा घरातून छोटी शवपेटी बाहेर नेणे कुठल्याच काळात सोपे नसणार. वॉल्टनने दुसऱ्यांची एवढी चरित्रे लिहिली, पण स्वतःच्या या दुःखाचे पुस्तक केले नाही.

दोनच वर्षांनी, १६४२ मध्ये, राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. वॉल्टन राजाच्या आणि जुन्या चर्चच्या बाजूचा. त्याच्या बाजूची सगळी पडझड त्याने डोळ्यांदेखत पाहिली. १६४५ मध्ये आर्चबिशप लॉडचा शिरच्छेद झाला. पुढच्या वर्षी बिशपांची पदेच रद्द झाली. १६४७ मध्ये नाताळ साजरा करण्यावर बंदी आली. ३० जानेवारी १६४९ रोजी खुद्द राजाचे मस्तक धडावेगळे झाले. ज्यांच्याबरोबर वॉल्टन बसत-उठत असे ते धर्मगुरू पदे गमावून खेड्यापाड्यांत दिवस काढत होते. १६४४ च्या सुमारास त्यानेही आपली जुनी पेठ सोडली होती.

या मवाळ माणसाने एकदा मात्र जिवावरचे काम केले. सप्टेंबर १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत तरुण दुसऱ्या चार्ल्सचा पराभव झाला आणि तो जीव घेऊन पळाला. त्याचे एक मौल्यवान राजचिन्ह त्याच्या एका सरदाराने स्टॅफर्डशरमधल्या एका घरात लपवून ठेवले होते. तो सरदार पकडला जाऊन लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडला. ते रत्न हातोहात वॉल्टनकडे आले आणि शत्रूच्या सैनिकांनी भरलेल्या मुलखातून त्याने ते लंडनला त्या कैद्यापर्यंत पोचवले. पुढे तो सरदार टॉवरमधून निसटला आणि ते चिन्ह राजाला परत मिळाले. वॉल्टन तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्या काळच्या मानाने म्हाताराच.

आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, वयाच्या साठीत, त्याने मासेमारीचे पुस्तक काढले. किंमत दीड शिलिंग. हरलेल्या पक्षातल्या माणसाकडून लोकांनी रडगाणे किंवा शिव्याशाप यांची अपेक्षा केली असती. त्याने नदीकाठ दिला. पुस्तकात युद्धाची चर्चा जवळजवळ नाहीच. पण घरदार आणि पद गमावलेल्या कितीतरी वाचकांना त्या नदीकाठी बसायला जागा मिळाली असणार. पुस्तक त्याने एकदा छापून सोडून दिले नाही. त्याच्या हयातीत पाच आवृत्त्या निघाल्या आणि १३ प्रकरणांची २१ झाली.

वॉल्टन मुळात भरड माशांचा माणूस. कृत्रिम माशी बनवून ट्राउट धरण्याची विद्या त्याने बरीचशी दुसऱ्यांकडून घेतली होती. त्याची खरी माया चबसारख्या माशावर. चब म्हणजे काट्यांनी भरलेला, चवीला बेताचा मासा. तो खाण्याजोगा कसा करावा हे वॉल्टन एखाद्या सुगरणीच्या तपशिलाने सांगतो. उन्हाळ्यात चब वरच्या पाण्यात असतो, तेव्हा त्याला नाकतोडा द्यावा. थंडी पडली की गळ तळाशी न्यावा आणि चीज मळून केलेली गोळी लावावी. हिवाळ्यातला चब सर्वांत चांगला, त्या दिवसांत त्याचे काटे विरतात, असा समजही त्याने नोंदवून ठेवला आहे. काटे काही विरत नाहीत. पण थंडीत तळाशी मासा शोधावा हा त्याचा सल्ला आजही नोव्हेंबरमध्ये नदीवर जाणारा प्रत्येक जण पाळतो.

त्याच्यावर टीकाही झाली. क्रॉमवेलच्या सैन्यात असलेल्या रिचर्ड फ्रँक या मासेमाराने त्याची विद्या उसनी असल्याची टर उडवली. पुढे कवी बायरनने त्याला निर्दय ठरवले. जिवंत बेडूक गळाला कसा लावावा हे वॉल्टन ज्या हळुवारपणे सांगतो, ते वाचताना आपल्यालाही बायरनचे म्हणणे पटते. वॉल्टन संत नव्हता. सतराव्या शतकातला एक दुकानदार होता.

१६४७ मध्ये त्याने ॲन केन हिच्याशी दुसरे लग्न केले होते. एक मुलगी आणि एक मुलगा जगले. १६६० मध्ये राजा परत आला, जुने मित्र बिशप झाले आणि त्यांनी या मित्राला आपल्या घरी ठेवून घेतले. पण १६६२ मध्ये ॲनही गेली. त्यानंतर वॉल्टन आणखी २१ वर्षे जगला. या काळातला त्याचा सर्वांत जवळचा मित्र त्याच्याहून ३७ वर्षांनी लहान होता. चार्ल्स कॉटन हा डव्ह नदीकाठचा जमीनदार, कवी आणि कायम कर्जात बुडालेला. या कॉटनने १६७४ मध्ये नदीकाठी मासेमारीसाठी एक दगडी घर बांधले आणि दारावर दोघांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली. ते घर अजून उभे आहे. १६७६ च्या पाचव्या आवृत्तीसाठी कॉटनने ट्राउट आणि ग्रेलिंग या माशांवरचा दुसरा भाग सुमारे दहा दिवसांत लिहून दिला. ग्रेलिंग हा खास शरदातला मासा. ट्राउट विणीने थकतो त्या दिवसांत ग्रेलिंग भरात असतो. त्र्याऐंशी वर्षांच्या वॉल्टनला मिळालेली ही भेट अगदी ऋतूला धरून होती.

९ ऑगस्ट १६८३ रोजी वॉल्टनने स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहायला घेतले आणि २४ ऑक्टोबरला त्यावर शिक्का मारला. बँकेच्या नोकरीत मी मृत्युपत्रे पुष्कळ पाहिली. कुणाला काय मिळावे यापेक्षा कुणाला काय मिळू नये याचाच विचार त्यांत जास्त असतो. वॉल्टनचे मृत्युपत्र वेगळे आहे. स्टॅफर्डजवळ शॅलोफर्ड येथे त्याने १६५५ मध्ये एक शेत घेतले होते. मुलाने ४१ व्या वर्षाच्या आत लग्न केले नाही, तर हे शेत स्टॅफर्ड नगराला जावे, असे त्याने लिहिले. त्या उत्पन्नातून दरसाल दोन गरीब मुलांना धंद्यात उमेदवारीला लावावे. एका ठिकाणी बरीच वर्षे इमानाने राबलेल्या मोलकरणीला किंवा गरिबाच्या मुलीला लग्नाच्या दिवशी पाच पौंड द्यावेत. आणि उरलेल्या पैशांतून गरिबांना कोळसा वाटावा. तो केव्हा वाटावा हेही त्याने ठरवून दिले. जानेवारीचा शेवटचा आठवडा किंवा फेब्रुवारीचा पहिला. कारण गरिबाला तेच दिवस सर्वांत कठीण जातात.

नाताळात दानधर्म करणारे पुष्कळ असतात. सणाचा उत्साह ओसरल्यावर, घरातले सरपण संपत आल्यावर आणि वसंत अजून लांब असताना घराघरात काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच जानेवारीचा शेवटचा आठवडा सुचतो. दोन मुलांना उमेदवारीला लावणारा हात त्या पोरक्या मुलाचा आहे, तसाच हा कोळसाही सात मुले गमावलेल्या बापाचा आहे.

मुलाने लग्न केले नाही. तो धर्मगुरू झाला आणि अविवाहितच राहिला. शेत नगराकडे गेले.

मृत्युपत्रावर शिक्का मारल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १५ डिसेंबर १६८३ रोजी, विंचेस्टरला लेकीच्या घरी वॉल्टन वारला. इंग्लंडच्या इतिहासातली सर्वांत कडक थंडी त्याच सुमारास सुरू झाली होती. लंडनमध्ये टेम्स नदी गोठली, आणि जानेवारीत तिच्यावर दुकाने थाटून जत्रा भरली. वॉल्टनला विंचेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये पुरले. तिथे १९१४ मध्ये बसवलेल्या रंगीत काचेच्या खिडकीत तो नदीकाठी पुस्तक वाचत बसलेला दिसतो.

त्या चित्रातला माणूस फार शांत आहे. ती शांतता त्याला जन्मतः मिळाली होती असे त्याचे चाहते मानतात. मला तसे वाटत नाही. ज्याने पुढचा हिवाळा ओळखला आहे आणि त्याची सोय लावून ठेवली आहे, तोच ऑक्टोबरमध्ये निवांतपणे गळ टाकून बसू शकतो. आपल्यातले जे साठीच्या पुढे आहेत, त्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. आपली सोय तर सगळेच बघतात. शेजारच्या घरात जानेवारीच्या अखेरीस कोळसा असेल की नाही, हे बघणे अजून बाकी असते.